रुपीबाईचा अंगठा

रुपीबाई आडे कुणाच्या बापाला भीत नाही, असं तिच्या तांड्यात सगळेच म्हणत. नवरा रामसिंग तापाने गेला तेव्हा मुलगा देवसिंग चार वर्षांचा होता. दिरांनी शेत वाटून घ्यायची भाषा केली, तशी ही बाई विळा घेऊन बांधावर जाऊन बसली, आणि दोन दिवस तिथून हलली नाही. दिरांनी भाषा बदलली. तूर राखायला ती एकटी मचाणावर जायची, आणि रानडुक्कर आलं तर खाली उतरून त्याच्यामागे धावायची. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

त्याच बाईला मी नागपुरात एका कारकुनाच्या टेबलासमोर लटलटा कापताना पाहिलं. त्या दिवशी तिच्यावर ओरडणारा माणूस मीच होतो, तेव्हा ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

मी पुसदला हायस्कुलात गणित शिकवायचो. रुपीबाईचा तांडा गावापासून चारेक मैलांवर. देवसिंग तिथून रोज चालत शाळेत यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. मी तापट माणूस. पोरं पाठीमागे मला तिखट मास्तर म्हणत. पण या पोरावर मला कधी ओरडता आलं नाही, कारण फळ्यावर माझं गणित अर्धं लिहून व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. मॅट्रिकला तो उत्तम मार्कांनी पास झाला. यवतमाळला राहून त्याने पुढचं एक वर्ष केलं. आणि १९६२ सालच्या जूनमध्ये नागपूरच्या एका कॉलेजातून पत्र आलं, की गणिताच्या ऑनर्सच्या वर्गासाठी विद्यार्थ्याने पालकाला आणि शिक्षकाला घेऊन भेटीस यावं. वर्गात जागा फक्त आठ.

पत्र घेऊन मी स्वतः तांड्यावर गेलो. खरं सांगायचं तर माझीच छाती फुगली होती.

"हे आनर काय हाये, गुरजी?" रुपीबाईने विचारलं.

"ऑनर्स. मानाचा वर्ग. सगळ्या पोरांतून हुशार तेवढे निवडतात आणि त्यांना वेगळं काढून शिकवतात."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "येगळं कायले काहाडतात?"

"अहो, हुशार आहेत म्हणून!"

"मंग हुशार पोरगा बाकीच्याइच्या संग बसला त काय होते?"

मला हसू आलं. अडाणी बाई, असं मनात म्हणालो. माणसं निवडून वेगळी काढतात या गोष्टीत भिण्यासारखं काय आहे, हे मला कळलं नाही. तिलाही ते सांगता आलं नसावं. ती एवढंच म्हणाली, "तुमी संग हा ना? मंग ठीक हाये."

सकाळच्या मोटारीने आम्ही तिघं निघालो. दिग्रस, आर्णी, यवतमाळ, वर्धा. देवसिंग खिडकीशी बसून ओठ हलवत होता. गणितं म्हणत होता की देवाचं नाव घेत होता कोण जाणे. रुपीबाई आपल्या आरशांच्या फेटियात, म्हणजे घागऱ्यात, हस्तिदंती बलिया कोपरापर्यंत चढवून, ताठ बसली होती. यवतमाळच्या स्टँडवर एक पोलीस मोटारीत चढला, तशी तिने ओढणी पुढे घेतली आणि देवसिंगच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोलीस उतरला तेव्हाच तो हात उचलला. मला वाटलं, बाई पहिल्यांदाच इतक्या लांब चालली आहे, घाबरायचीच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही कॉलेजात पोचलो. आता माझीही गत काही फार बरी नव्हती. उंच दगडी कमानी, लांब व्हरांडा, आणि कुठल्या तरी बंद दाराआडून येणारं खाड खाड इंग्रजी. माझा कोट कोपरावर विरलेला होता. मी तो हात अंगाशी धरून चालत होतो. ऑफिसच्या दाराशी डोमाजी नावाचा चपराशी होता, खाकी कपडे, छातीवर पितळी बिल्ला. त्याला पाहताच रुपीबाई माझ्या मागे झाली. शेजारच्या बाकावर एक वकील आपल्या मुलाला घेऊन बसले होते. त्यांचा मुलगा यादीत नववा. आठातला कुणी गळला तर त्याला घेणार होते, आणि ते आमच्याकडे अशा नजरेने बघत होते, की गळणार कोण हे त्यांना कळलेलंच आहे.

विभागप्रमुखांनी देवसिंगला एकट्याला आत घेतलं. पाऊण तास. त्या पाऊण तासात मी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की डोमाजी म्हणाला, "बसा ना मास्तर, तुमचा पेपर हाये का?" रुपीबाई जमिनीवर बसून बंद दाराकडे टक लावून होती. डोळ्याची पापणी लवत नव्हती.

दार उघडलं. विभागप्रमुख स्वतः बाहेर आले आणि मला म्हणाले, "मुलगा घेतला. तीन वाजेपर्यंत ऑफिसात फॉर्म पुरा करा. आज यादी बंद होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलेलं वकिलांना दिसू नये म्हणून मी उगाच नाक शिंकरलं.

ऑफिसात कारकून चांगला माणूस होता, पण एकच गोष्ट रोज पन्नास जणांना सांगून त्याचा घसा आणि मन दोन्ही कोरडी पडली होती. मान वर न करता त्याने सुरू केलं. "मुलगा अज्ञान आहे, सतरा वर्षांचा, तेव्हा पालकाची सही. होस्टेलात राहावं लागेल. होस्टेलात रोज संध्याकाळी हजेरी. वर्गातली हजेरी वेगळी. ऑनर्सवाल्यांची हजेरी विभागप्रमुख साहेब जातीने बघतात. दोनदा चुकली की नाव काटलं. मग रडत यायचं नाही. विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सही येत नाही ना? अंगठा द्या." आणि त्याने शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

रुपीबाईने त्या डबीकडे पाहिलं. मग टेबलावरच्या जाड वहीकडे. तिच्या हातातल्या बलिया एकमेकींवर आपटून वाजायला लागल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती कापते आहे.

"ऊठ देवा," ती एकदम ओरडली. "घरेन चाल!"

तिने पोराचं मनगट धरलं आणि त्याला ओढत व्हरांड्यातून बाहेर काढलं. फॉर्म खाली पडला. बाकावरचे वकील उठून उभे राहिले.

माझं डोकं फिरलं. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली मी त्यांना गाठलं आणि भर रस्त्यात ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, आजही लाज वाटते. पोराच्या अन्नात माती कालवताय, असं म्हणालो. तांड्यातून बाहेर यायची तुमची लायकीच नाही, असंही म्हणालो. देवसिंग खाली मान घालून उभा होता. रुपीबाईने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग ती मटकन खाली बसली.

"गुरजी, माहेर माहं पैनगंगेच्या पलीकडं. निजामाच्या मोगलाईत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "तिथं सरकारनं आमची जातच चोराची ठरोली होती, म्हून आमच्या तांड्याले हजेरी होती. रोज सांजेले समदे बाप्ये चौकीसमोर ओळीनं बसत. जमादार वहीतून नाव घे, ज्यानं त्यानं हाजर म्हनाव. इचारल्याबिगर गाव सोडाचं नाई. पह्यले दहाई बोटं शाईत बुडवून वहीत उमटवली होती. माहा बाप एक डाव चुकला. भावाले ताप होता, त्याले घेऊन दुसऱ्या गावाले वैदूकडं गेलता. सकाळी आला, त मनगटात बेड्या घालून त्याले नेलं. जमादार म्हने, दोन दिसानं सोडतो."

"मग?"

"मंग काई नाई. तवा मी सात वर्साची होती."

चाळिशीची बाई माझ्यासमोर मातीत बसली होती. मी रोज सकाळी ज्या शब्दाने शाळा सुरू करत होतो, तो शब्द या बाईच्या बापाला घेऊन गेला होता.

"रुपीबाई, ही हजेरी ती नाही," मी कसंबसं म्हणालो. "ही शाळेची. मुलं आली की नाही एवढंच बघतात."

"शबद त तोच हाये ना, गुरजी? वही तशीच. शाई तशीच. त्यानं बी म्हटलं, चुकला त नाव काटतो."

देवसिंग तिच्याशेजारी उकिडवा बसला. "याडी," तो आईला म्हणाला, "तू नको म्हनशील त मी घरी येतो. मले काई वाटत नाई." त्याला काय वाटत होतं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं, आणि ते तिलाही दिसलं. पोराने आपल्यासाठी खोटं बोलावं, हे तिला सहन झालं नसावं. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "गुरजी, त्या वहीत कोनाकोनाची नावं हायेत?"

अडीच वाजून गेले होते. आम्ही परत आलो तेव्हा वकील कारकुनाच्या टेबलाशी उभे होते आणि त्यांचा फॉर्म अर्धा भरून झाला होता. मी पुढे घुसून म्हणालो, "तीन वाजायचे आहेत. आमची जागा आमची आहे." माझा आवाज चढला होता. पण ती पुन्हा पळाली तर आता मी तिला थांबवणार नव्हतो.

"हजेरीची वही दाखवा," मी कारकुनाला म्हणालो.

"कशाला?"

"पालकांना बघायची आहे."

तो काहीतरी बोलणार होता, पण डोमाजीने ती वही उचलून माझ्या हातात दिली. मागल्या वर्षीचे ऑनर्सचे विद्यार्थी. मी मोठ्याने वाचू लागलो. बोबडे. गुल्हाने. शेख. मेश्राम. जयस्वाल. प्रत्येक नावापाशी रुपीबाई विचारी, "हा कोनाचा?" आणि कारकून आधी चिडून, मग नकळत बऱ्या आवाजात सांगू लागला. हा तहसीलदाराचा. हा कापडवाल्याचा. याचा बाप गिरणीत कामाला आहे. सातव्या नावावर तो थोडा थांबला. "हा आमच्या साहेबांचाच मुलगा."

"तुमच्या सायबाचा पोरगा बी हाजर म्हनते?"

"म्हणावंच लागतं. एकदा चुकला तर साहेबांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"उभं केलं. नेलं नाई?"

"कुठे नेणार?" कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली.

"मी बी देतो हजेरी, बाई," डोमाजी दारातून म्हणाला. "रोज सकाळी. सायब बी सही करते."

रुपीबाई वहीकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "माह्या बापाच्या वहीत निस्ती आमचीच नावं होती."

वकील खिडकीबाहेर बघू लागले.

कारकुनाने सवयीप्रमाणे तिचा अंगठा धरायला हात पुढे केला, तशी ती झटक्याने मागे सरली. "माहा मी देतो," ती म्हणाली. तिने अंगठा शाईत बुडवला. कागदावर पहिला ठसा फरफटला. दुसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि अंगठा टेकवला. तीन वाजायला चार मिनिटं होती.

जाताना ती टेबलापाशी थांबली. "दिवाळीले सोडसान ना त्याले?"

कारकून हसेल असं मला वाटलं. पण तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "सोडतो, बाई," तो म्हणाला. "नक्की सोडतो."

पुढले चार महिने ती दर बाजाराला माझ्या घरी यायची आणि देवसिंगचं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची. प्रत्येक पत्र दोनदा. मग विचारायची, "हे त्याचंच अक्षर हाये ना? दुसऱ्यानं त नाई लिवलं?" मी शपथ घेऊन सांगायचो. तिचा विश्वास बसायचा नाही. मग मलाही एखाद्या रात्री अंथरुणावर पडल्यावर भलभलतं सुचायचं, आणि मी स्वतःवरच चिडायचो.

दिवाळीला देवसिंग गुरुवारी यायचा होता. ही मंगळवारपासून पुसदच्या स्टँडवर येऊन बसली. कापूस फुटलेला, वेचणीचे दिवस, आणि बाई स्टँडवर, म्हणून तांड्यातले लोक वैतागले. यवतमाळकडून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला ती उठून उभी राहायची आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराकडे बघायची. गुरुवारी शाळा दुपारीच सुटली, तसा मीही तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. दुपारच्या मोटारीत देवसिंग नव्हता. ती पुन्हा जागेवर जाऊन बसली.

पाचच्या मोटारीतून देवसिंग उतरला. हातात ट्रंक, अंगात नवा शर्ट. रुपीबाई धावली नाही. ती हळू चालत त्याच्यापाशी गेली, ट्रंक त्याच्या हातून काढून खाली ठेवली, आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या वर सारून दोन्ही मनगटं पाहिली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, त्यांवरून बोटं फिरवली. पोरगा गोंधळून माझ्याकडे बघत होता. मी तोंड फिरवलं.

मग तिने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावून रडायला सुरुवात केली. आपलं माणूस फार दिवसांनी भेटलं की या बाया असंच गळ्यात पडून, गाण्यासारखं रडतात. पण स्टँडवरच्या माणसांना ते कुठलं ठाऊक. भोवती गर्दी जमली. एक म्हातारा माझ्या बाहीला धरून विचारू लागला, "कोन गेलं हो बाईचं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "परत आलंय."