देवीच्या वळणावरचा हॉर्न

भूतबित, भास, कुणीतरी दिसलं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्त करतो मी. मशीन बिघडलं की कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. म्हणून तर हे डोक्यातून जात नाहीये.

माझे दाजी – ताईचे मिस्टर – कोरेगावकडचे, मिलिटरीत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांना माझ्या जुन्या रेसिंग सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या गेमचं, वेड लागलं. स्टिअरिंग, पेडल, सगळं होतं. आम्ही दोघांनी त्यात त्यांच्या गावचा रस्ता बनवला, खड्ड्यांसकट. फक्त त्या गेममध्ये हॉर्न नव्हता. दाजी वैतागायचे, "देवीच्या वळणावर हॉर्न न देता जायचं व्हय रं? मी न्हाई जात!" मग गाडी हळू करून स्वतःच तोंडानं "पॉ पॉ" करायचे. "बसवतो हॉर्न," मी म्हणायचो. पण गेमच्या त्या म्हाताऱ्या इंजिनात, म्हणजे ज्या प्रोग्रॅमवर गेम चालतो त्यात, हॉर्न काही बसला नाही.

गेल्या वर्षी दाजी गेले. ते इंजिन नव्या कॉम्प्युटरवर सुरूच होत नाही, आणि माझा जुना कॉम्प्युटर आज जातो की उद्या! ताईचं एकच म्हणणं, "त्यांचा रस्ता तेवढा जाऊ देऊ नगंस."

रस्ता नव्या इंजिनात हलवायचं ठरवलं. त्याआधी रविवारी दुपारी एकदा चालवून बघितला. देवीच्या वळणावर गाडी बंद पडली. परत सुरुवातीपासून आलो... परत तिथंच. चार वेळा! फाइली बघितल्या, वायरी बघितल्या – काही नाही. शेवटी डोकं फिरलं आणि ओरडलो, "पॉ पॉ! झालं समाधान?"

गाडी सुरू झाली.

त्या कॉम्प्युटरला माइक नाहीच. मुद्दाम गप्प बसून गेलो, बंद. तोंडानं हॉर्न दिला, सुरळीत.

आठवडाभर खपून रस्ता नव्या इंजिनात नेला. त्यात झाडं हलतात, हॉर्नला बटण आहे. ताईला सगळं सांगून शेजारी बसवलं आणि हॉर्न न देता वळण घेतलं. गाडी सरळ निघून गेली.

"थांबली न्हाई?" ताईनं विचारलं.

काम फत्ते झालं म्हणून खूश व्हायला हवं होतं. पण असला राग आला मला... त्या चकचकीत इंजिनाचा, माझा, सगळ्याचाच. ताई जुन्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "त्यो बंद करू नगंस."

नाही केला. पण त्याचा पंखा कालपासून घरघरतोय आणि पार्ट कुठंच मिळत नाहीयेत. गाडी का थांबायची, याचं कारणही अजून सापडलेलं नाही.