जनाज्यामागचं पाणी

मन्नूबियाने नवऱ्याच्या जनाज्यामागे पाणी ओतलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तिची तरी काय चूक? आमच्या केर्केना बेटावर माणूस दर्यावर निघाला की बायको उंबऱ्यातून त्याच्यामागे पाणी ओतते, म्हणजे तो सुखरूप परत येतो. फरहातसाठी तिने आयुष्यभर हेच केलेलं. तो तापाने गेला, बाप्ये त्याला खांद्यावर घेऊन निघाले, आणि हिचा हात सवयीने मडक्याकडे गेला. दारातल्या बायका गार पडल्या. मेलेल्याला कुणी परत ये म्हणतं का?

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी दलेंदा, तिची शेजारीण. माझं तोंड सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण माझ्या शिव्यांनीही ती उठेना. शेवटी तिची भाची, शाळेत शिकवते ती, एक वही देऊन गेली. म्हणाली, मावशी, रोज एक ओळ लिही, जे दिसेल ते. मी हसले. म्हटलं, म्हातारपणी हे एक नवीन खूळ. मला स्वतःला अक्षर येत नाही, त्यामुळे हसायला बरं पडतं.

पण वहीने तिला उठवलं, हे खरं. आधी नुसतं 'वारा होता', 'भाकर करपली'. मग बाई बघायला शिकली. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस वाऱ्यात एकमेकांना ढकलतात, हे मी जन्मभर बघत आले, पण दिसलं तिने वाचून दाखवल्यावर. रोज दुपारी मी चहा घेऊन जायची आणि ती वाचायची. एकदा तिने माझ्या फेंगड्या चालीवर लिहिलं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

हळूहळू ती मनाने रचायला लागली. 'आज फरहात कबरस्तानाच्या भिंतीवर बसून टोपली विणत होता.' मी म्हटलं, छान आहे, लिही काहीही. पुढच्या ओळीत तो खजुरांपाशी आला. मग गिरणीपाशी, म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. मी विचारलं, "अगं, त्याला जरा दुसरीकडे ने की. दर्यापलीकडे सफाक्सच्या बाजारात ने."

"मी नेत नाही, दलेंदा," ती म्हणाली. "मी पेन टेकवते तेव्हा तो तिथे आलेलाच असतो."

मी तिच्या घरभर नजर फिरवली. तोवर तिचं जेवण सुटलं होतं. ठेवणीतला झगा धुऊन घडी घालून ठेवलेला, किल्ल्या भाचीसाठी फडक्यात बांधलेल्या, आणि चेहरा मात्र नव्या नवरीसारखा. ती जायला निघाली होती. मला एवढी एकच मैत्रीण आहे हो. ती मी कुणालाही देणार नव्हते, मेलेल्याला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेले, तर वही मांडीवर घेऊन बसलेली. वाचलं तिने. 'तो उंबऱ्यावर आहे. म्हणतो, चल.' मी वळून पाहिलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. पण एवढ्या उन्हात दगड ओला होता.

"लिही," मी म्हटलं. "तूच आणलंस ना त्याला? आता तूच पोचव. लिही, तो वळला."

"तो एकटा आहे गं."

"आणि मी? मी काय गर्दी आहे?"

ती रडली. मग थांबत थांबत लिहू लागली. तो वळला, गिरणी मागे टाकली, खजुरांमधून गेला, भिंतीपलीकडे उतरला. शेवटचा शब्द झाला आणि तिचा हात आपोआप मडक्याकडे गेला. मी ते हिसकावलं. ओतायचं नाही, आणि तिच्यासमोर ठेवायचं तर भरवसा नाही. तोंडाला लावलं आणि सगळं पिऊन टाकलं. घरच्याच टाकीतलं पावसाचं पाणी, पण दर्यासारखं खारट लागलं.

त्या संध्याकाळी मन्नूबिया वाडगाभर जवाची पेज जेवली. आता ठणठणीत आहे, रोज लिहिते. काल वाचता वाचता मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच, लपवू नकोस.

'आज तो माझ्या दारावरून पुढे गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. दलेंदाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.'

घरी आले आणि उंबरा हाताने चाचपला. ओला लागला. मग तशीच परत गेले. तिला म्हटलं, भाचीला सांग, अजून एक वही आण. आणि मला आजपासूनच अक्षरं शिकव.