आईच्या पाठावरचा शेरा

आमच्या आईला निवृत्त होऊन जमाना झाला, पण तिचं एक तुणतुणं काही थांबलं नाही. ट्रेनिंगच्या वेळी तिच्या पाठाला म्हणे 'उत्तम' शेरा होता. मीही मास्तरीण, धुळ्याच्या त्याच अध्यापक विद्यालयात शिकलेली. माझा वर्ग चिडीचूप असायचा, साहेब लोक कौतुक करायचे, पण 'उत्तम' मला कुणी लिहून दिलं नाही. त्यामुळे हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

यंदा विद्यालयाने जुनं दप्तर लावायला माजी विद्यार्थ्यांना बोलावलं. आई म्हणाली, "डोळ्यांचं आता फार दिवस खरं नाही. माझ्या पाठाचं तेवढं वाचायचंय. आणतेस का?" मी म्हटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

तीन दिवस तोंडाला रुमाल बांधून धूळ खाल्ली. तिथले शिपाईभाऊ गठ्ठे सोडायचे, मी पाठ-निरीक्षणाच्या वह्या चाळायची. शिकाऊ शिक्षक सराव शाळेत पाठ घ्यायचे, तेव्हा गुरुजी मागच्या बाकावर बसून या वह्यांत शेरे लिहीत. तिसऱ्या दुपारी आईचं नाव सापडलं. समोर लाल शाईत लिहिलं होतं, "शिक्षिका अहिराणीत बोलते. मुलेही अहिराणीत बोलतात, सर्वच बोलतात. पाठ पुन्हा घ्यावा."

मला हसूच फुटलं, खोटं कशाला बोलू. मग पान उलटलं. आठवड्याने तोच वर्ग, तेच गुरुजी. "भाषा शुद्ध. वर्ग शांत. उत्तम." म्हणजे म्हातारी खरंच बोलत होती. मला माझीच लाज वाटली. दोन्ही पानांची झेरॉक्स घेतली, पण पहिलं पान पिशवीच्या तळाशी घातलं. या वयात तिला ते कशाला दाखवायचं?

घरी 'उत्तम'चं पान तिच्या हातात दिलं. भिंग लावून वाचलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "हे दुसरं झालं. पहिलं कोठे शे?"

नाइलाजाने काढून दिलं. एकेक अक्षर वाचत गेली तशी खुलली. "बठ्ठा पोरे बोलनात त्या दिवशी," म्हणाली. "एकही पोर गप्प बसलं नाही. दुसऱ्या वेळी एकानंही तोंड उघडलं नाही. 'उत्तम' मिळालं आणि मी खोलीवर येऊन रडले."

"मग जन्मभर उत्तम, उत्तम काय लावलं होतंस?" माझा आवाज चढलाच.

"लोकांना तेवढंच कळतं, बाई. शिकवलं मात्र पहिल्या पाठासारखंच."

पहिलं पान तिने घडी घालून उशाखाली ठेवलं. दुसरं माझ्याकडे सरकवलं आणि मिश्कील हसली.

"हाई तुले ऱ्हाऊ दे. तुना वर्ग असाच व्हता."