गच्चीवरचं महाबळेश्वर

घाटनांदूरच्या आमच्या घरावर मी हौसेने हवामान यंत्र बसवलं आहे. तापमान, ओलावा, वारा सगळं मोबाइलवर दिसतं, इंटरनेटच्या नकाशावरही जातं, त्यामुळे आभाळाकडे बघण्याचे कष्ट मला उरलेले नाहीत.

मे महिन्यात धाकट्या जावेने कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून ठेवला होता. त्याच दिवशी घातल्या नाहीत तर चीक आंबून फुकट जाणार होता. सकाळी तिने विचारलं, "ताई, तुमचं मशीन काय म्हणतंय? घालू का कुरडया?"

मी पदराने घाम पुसत मोबाइल पाहिला. "एकोणतीस अंश अन् दमट हवा. थांब, बुरशी येईल."

इंटरनेटच्या नकाशावर आम्ही महाबळेश्वरच्या पंगतीला बसलो होतो.

"गच्चीवर पायाला चटके बसायलेत, अन् थांबू कावून?" असं म्हणत ती वर गेली. तिला पटवायला मीही गेले. यंत्राला ओलं पोतं गुंडाळून सुतळीने बांधलेलं होतं. जिन्याच्या सावलीत सासूबाई तांब्या घेऊन बसल्या होत्या.

"दिसभर उन्हात उभं ऱ्हातंय बिचारं," त्या म्हणाल्या. "माठाला गुंडाळतो तसं गुंडाळलं."

जावेला हसायलाही वेळ नव्हता, ती चीक शिजवायला खाली पळाली. मी पोतं सोडलं. दुपारपर्यंत गच्चीभर घातलेल्या कुरडया वरून वाळत आल्या.

"आता किती हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"बघ, पोतं काढलंस अन् फणफणलं."