समेवरची थाप

आमच्या गायन पार्टीतला पेटीवाला ऐन वेळी बेताल झाला, असं बदनापुरात अजून सांगतात. ही गोष्ट पसरवली मी. तो वारल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी ती रंगवून सांगितली आणि मांडवातली माणसं हसली. घरी आल्यावर मी वाढलेलं ताट बाजूला सारलं. म्हणून खरं काय झालं ते लिहितो आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भीमगीतांच्या पार्टीत मी ढोलकीवर, तो पेटीवर. पेटी तो पोटासाठी वाजवायचा, जीव पियानोवर. जालन्याच्या एका चर्चमध्ये जुना पियानो होता, तिथले पाद्री त्याला दुपारचं बसू द्यायचे. ट्रान्झिस्टरवर कुठलंसं परदेशी स्टेशन खरखरत लागायचं. त्यावरची क्युबाकडची नाचाची गाणी तो कानात साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी पियानोवर शोधत बसायचा.

मला म्हणायचा, "दादा, ते लोक समेवर येतच न्हाईत. आधीच पडतात अन् सम मोकळी सोडतात. तू फकस्त समेवर हात उचलून धर."

"मंग लोक टाळी कशावर देतील? तुझ्या टकुऱ्यावर?"

"एकदा कमरंत शिरलं की टाळी आपोआप सापडती."

आमच्याकडे मागे बसलेले कोरसवाले टाळी देतात, आणि ती ढोलकीच्या समेवरच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच्या थापेला धरून पडते. ती थापच गाळायची म्हणजे अवघड काम. पण विहारात बसून आम्ही ते बसवलं. जमलं त्या दिवशी दोघं वेड्यासारखे हसलो होतो.

औरंगाबादच्या एका हॉटेलात परदेशी पाहुण्यांसाठी बँड होता. बँडच्या मालकाला पियानोवाला हवा होता. पाद्रींनी ह्याचं नाव सुचवलं. माणसांपुढे हा कसा वाजवतो ते ऐकायला मालक आमच्या एका लग्नातल्या कार्यक्रमाला आला. माझ्या शेजारी बसून चहा प्याला, सगळा वेळ पेटीवाल्याबद्दलच विचारत राहिला. मी काय वाजवतो हे त्याने विचारलं नाही.

दोन गाण्यांनंतर ह्याने पेटीवर विहारात बसवलेली ती चाल धरली. सुरुवातीला मी ठरल्याप्रमाणे हात उचलून धरला. चाल इतकी सुंदर निघाली होती, की पुढे बसलेल्या बायाही डोलू लागल्या. मग मी समेवर सणसणीत थाप मारली. पुढच्या समेवर पुन्हा. कोरसची टाळी तिच्यावर पडली, पाठोपाठ सगळ्या मांडवाची. आता हाच दर वेळी आधी घुसतोय, असं ऐकू येऊ लागलं.

कोणी तरी ओरडलं, "पेटीवाल्या, गाडी पकडायचीय का? लईच जल्दी!"

मांडव हशानं फुटला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून वाजवत होतो. शेवटी तो मुकाट्याने सरळ तालावर आला. मालक जेवून निघून गेला.

पेटी कापडात गुंडाळताना त्याने विचारलं, "दादा, तालात माझंच हललं का?"

"हललं जरा. म्या सांभाळून घेतलं."

तो गेला असता तर पार्टी मोडली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पेटीवाला दुसरा मिळाला असता. तो जाणार आणि मी राहणार, एवढंच मला सोसवलं नव्हतं. त्यानंतर तो चर्चमध्ये गेला नाही. जन्मभर लग्नाकार्यांत सरळ ठेके वाजवत राहिला, आणि लोकांना माझी गोष्ट खरी वाटत राहिली.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर ज्वारी निवडत होती. सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"आता सांगून राह्यले, भाऊजी?"

तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"दवाखान्यातबी खाटंच्या कडंवर बोटं चालायची त्यांची. म्या म्हणलं, अहो, काय करून राह्यले? तर म्हणे, कुठं हललं ते शोधून राह्यलो."

मी "वहिनी" म्हणालो. ती सूप घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही.