थांबाबाई आणि बाबांचा आवाज

बंद पडलेलं मशीन उराशी धरून कुणीही जिना चढून वर आलं, की बाईंचा पहिला शब्द "थांबा." म्हणून सगळी गल्ली त्यांना थांबाबाई म्हणते. तोंडावर मावशी, पाठीमागे थांबाबाई. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना काही म्हणजे काही वाटत नाही. मला मात्र कुणी थांब म्हटलं की डोकंच फिरतं. रांगेत उभं राहायचं माझ्या जिवावर येतं. दूध तापायला ठेवून मी त्याच्याकडे बघत उभी राहूच शकत नाही, म्हणून ते रोज उतू जातं. हे सांगायचं कारण एवढंच, की जे झालं ते माझ्या या स्वभावापायीच झालं.

माझ्या बाबांना आवाज नाही. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. पण त्याआधी पंधरा दिवस बाबा रोज एका खोलीत मायक्रोफोनसमोर बसून वाक्यं वाचत होते. दीड हजार वाक्यं! त्यावरून एका लहानशा कंपनीनं त्यांच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम बनवून दिला. बाबा टाइप करतात आणि कॉम्प्युटर बोलतो, अगदी त्यांच्यासारखा, वाक्याच्या शेवटी जरासा चढून. पुढे ती कंपनी बंद पडली. आणि प्रोग्राम तर त्या एकाच कॉम्प्युटरला बांधलेला. मदरबोर्डाचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा, नंबर जुळला तरच तो तोंड उघडतो, नाहीतर ढिम्म.

अलीकडे त्या कॉम्प्युटरचा पंखा सारखा जोरात फिरायला लागला होता. बाबा बोलायचे आणि आम्हाला ऐकू यायची नुसती घरघर. मी इंटरनेटवर वाचलं, की बायोस नवीन टाकलं की पंखा ताळ्यावर येतो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना. बटन दाबल्यावर कॉम्प्युटरनं जागं कसं व्हायचं, ते तिच्यात असतं. झालं, मी फाइल उतरवून घेतली आणि बसले. पडद्यावर चांगलं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. आकडा एकेचाळीसवर आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. पाच मिनिटं झाली, सात मिनिटं झाली. मग मी शहाणीनं बटन दाबून धरलं.

त्यानंतर पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण पडदा काळाकुट्ट. बाबा आतून आले आणि पाटीवर लिहून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही, मध्येच लाईट गेली."

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेला ताई. नवा टाकून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा." नवा बोर्ड म्हणजे नवा नंबर. नवा नंबर म्हणजे बाबांचा आवाज कायमचा गेला. हे त्याला समजावून सांगता सांगता मी तिथं काउंटरवरच रडायला लागले. तो बिचारा गडबडला. त्यानं कागदाच्या कपट्यावर एक पत्ता लिहून दिला आणि म्हणाला, "या बाई नाही म्हणाल्या तर मग कुणाकडे जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरचा कॅबिनेट घेतला आणि बाबांनी आपली पाटी घेतली. पत्त्यावर खाली लाँड्री होती. ती बाईंची सून चालवते. वरच्या खोलीत खिडकीला लागून एक लांब टेबल, त्यावर दिवा, भिंग, चिमटे आणि एका ताटलीत वेगवेगळे केलेले स्क्रू. पंचाहत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या बाई. बाईंनी सव्वीस वर्षं लिफ्टची कंट्रोल कार्डं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसं गुडघे धरून बसतात त्या वयात, हे काम त्या आपल्या आपण शिकल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी सांग, काय केलंस?"

"लाईट गेली, मावशी."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "लाईट गेली असेल तर मला आधी वीजपुरवठ्याचा भाग तपासावा लागेल, त्यात आजचा दिवस जाईल. दुसरं काही असेल तर दुसरीकडे बघावं लागेल. तुला ओरडायला नाही विचारत गं. कुठं शोधायचं ते मला कळायला हवं."

माझी मान खाली गेली. बाबा शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "बटन मी दाबलं. आकडा एकेचाळीसवर होता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता लिहितील काहीतरी. त्यांनी पाटी मांडीवर उलटी करून ठेवली.

"एकेचाळीस," मावशी म्हणाल्या. चेहरा असा, की जणू मी त्यांना अगदी कामाची गोष्ट आणून दिली होती. "म्हणजे शेवटचा भाग अजून जुनाच असायला हवा. बघू या."

त्यांनी चिपवर एक लहानशी क्लिप बसवली, तिची वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली. मी म्हटलं, "बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची फाइल आणलीये मी, ती लिहून टाका की!" माझी घाई बघा, एवढं होऊनसुद्धा.

"लिहीन. पण चिपमध्ये काय आहे ते वाचून ठेवल्याशिवाय मी काही पुसत नाही. मोडकं-तोडकं असलं तरी. कंपनीची फाइल सगळ्या बोर्डांना एकच असते गं. तुझ्या बोर्डाचा नंबर तिच्यात कुठून येणार?"

मग त्यांनी सांगितलं. या कामात नवीन असताना त्यांनी एका दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याची चिप वाचून न ठेवता पुसली होती. कॉम्प्युटर छान चालू झाला, पण त्याचं कवळ्यांचं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरला ओळखेचना. "मी स्वतः त्याच्याकडे जाऊन सांगितलं, की हे माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्याकडे आलेली एकूण एक चिप वाचून ठेवलेली आहे.

पहिल्यांदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. दोन्ही जुळेनात. मावशींनी क्लिप काढली, चिपचे पाय ब्रशनं पुसले, पुन्हा लावली. पुन्हा जुळेना. खालून सुनेनं हाक मारली, "आई, जेवायला!" तर वरून, "थांब!" सहाव्या, सातव्या आणि आठव्या वेळी एकसारखं आलं. तीनदा सारखं आल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

मग पडद्यावर आकडे आणि अक्षरं, नुसती रांगच्या रांग, हजारो ओळी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मावशी मात्र बोट लावून वाचत होत्या, आणि मध्येच थबकल्या. "हा तुमचा नंबर. बत्तीस अक्षरांचा असतो. पण बघ, शेवटची चौदाच उरलीत, आधीची पुसली गेली."

मला पुन्हा रडू फुटलं. बाबांनी तर डोळेच मिटून घेतले.

"रडू नकोस. बोर्ड बनवणारे कधी कधी या नंबराची जुनी प्रत दुसरीकडे ठेवतात. कधी कधी हं, नेहमी नाही." असं म्हणून त्यांनी शेवटापासून उलटं वाचायला घेतलं. दीड तास. यंत्राला शोधायला सांगून झालं होतं, पण जुनी प्रत वेगळ्या पद्धतीनं लिहिलेली असते, ती यंत्राला सापडत नाही. मी त्या बाईंकडे बघत राहिले. इतका वेळ गप्प मी आयुष्यात बसले नसेन. त्या बोटाखालून एकेक ओळ जात होती, आणि त्यातल्या कुठल्या तरी ओळीत माझ्या बाबांचा आवाज होता, आणि ही म्हातारी बाई तो नुसत्या डोळ्यांनी शोधत होती! मला खरंच तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"ये इकडे," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

मी बत्तीस अक्षरं वाचली. शेवटची चौदा त्या उरलेल्या चौदांशी तंतोतंत जुळली. मावशींनी कंपनीच्या फाइलमध्ये तो नंबर हातानं भरला, फाइल चिपवर लिहिली, पुन्हा वाचून ताडून बघितली आणि बटन दाबलं.

पडदा काळाच. एक मिनिट. दोन मिनिटं. माझा हात आपोआप पुढे गेला, तशी मावशींनी स्क्रूंची ताटली माझ्या दोन्ही हातांत दिली. "धर ही. पहिल्या वेळी त्याला सगळं नव्यानं ओळखून घ्यावं लागतं." चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. आणि पंखा! पंखा इतका शांत, की खालच्या लाँड्रीतली इस्त्री ऐकू येत होती.

मावशींनी आपली खुर्ची बाबांना दिली. प्रोग्राम उघडला, क्षणभर अडखळला आणि चालू झाला. बाबांनी बोटं मोडली आणि टाइप करायला लागले. खूप वेळ टाइप करत होते. मग कळ दाबली, आणि त्या खोलीत माझे बाबा बोलले.

"मूर्ख मुली, बंद करू नका असं लिहिलेलं असताना तू बटन दाबतेस? आणि वर माझ्याशी खोटं बोलतेस? चाळीस वर्षांची झालीस, अक्कल कधी येणार? सकाळपासून पाटी हातात होती माझ्या. पण पाटीवर कसलं रागावणार? मला तुझ्यावर माझ्या आवाजात रागवायचं होतं."

मी ताटली धरून हमसून हमसून रडत होते आणि हसत होते. बाबांची बोटं पुन्हा कळांवर चालायला लागली.

"मावशी, सांगा ना त्यांना, आता पुरे म्हणावं," मी म्हटलं.

मावशी हनुवटी हातावर टेकून ऐकत होत्या. "छे गं," त्या म्हणाल्या, "बोलू दे त्यांना."