बिनकामाची हजेरी

आमची मिल बंद पडली नव्हती, बंद ठेवली होती. हा फरक वडिलांनी इतक्यांदा समजावून सांगितला की शेवटी आईनं कानावर हात ठेवले. कापूस नाही, वीज नाही, म्हणून माग थांबलेले. पण सरकारी नियमानं कामगाराला काढायचं नाही, अर्धा पगार द्यायचा. त्यानं मात्र रोज पाळीच्या वेळी दारावर जाऊन सही करायची. सही चुकली की त्या दिवसाचा पगार गेला. वडील नुसत्या सहीला जातानासुद्धा डबा घेऊन जायचे. शेजाऱ्यांनी बघायला नको?

त्यातच मला बघायला मंगळवेढ्याहून पाहुणे यायचे ठरले. वडिलांनी मध्यस्थाला 'मिलमध्ये कायम आहे' एवढंच सांगितलेलं. तिकडून 'मुलगा शेती बघतो' असा निरोप आलेला. पाहुणे मुलाला घेऊन पहिल्या एस.टी.नं आले ते नेमके हजेरीच्या वेळेला. वडील म्हणाले, जरा ड्यूटीवर तोंड दाखवून येतो, तर मुलाचे वडील चपला घालून तयार. त्यांना मिल बघायची होती. मी आत आईच्या इरकल साडीत घामानं भिजत बसले होते आणि मला वडिलांचा भयंकर राग आला. सही त्यांची होती, पण लग्न माझं मोडणार होतं.

मिलच्या दारावरचं वडिलांनीच नंतर सांगितलं. सह्या करून सगळे रोजच्यासारखे लिंबाखाली बसले. आत कधी जायचं, असं पाहुण्यांनी दोनदा विचारलं. शेवटी वडिलांनी मान खाली घातली.

"काम न्हाय, पाव्हणं. नोकरी हाय."

पाहुण्यांनी लिंबाखालच्या रांगेवर नजर टाकली. मग म्हणाले, "आमचं उलटं हाय. दुष्काळानं शेत पडून हाय, पोरगं सरकारी कामावर खडी फोडतंय. ह्या रांगेत त्याचं नाव लागंल का?"

दोघं एकाच डब्यातलं खाऊन परत आले आणि सगळ्यांसमोर सगळं सांगून मोकळे झाले. आईचा चेहरा उतरला. मध्यस्थ छताकडं बघू लागला. मग मीच बाहेर येऊन मुलाला विचारलं, "खडी खरंच फोडता, का सही करून येता?"

"फोडतो की," तो म्हणाला आणि फोड आलेले तळहात पुढं केले.

मी हो म्हटलं. त्या खोलीत काम असलेला पुरुष तेवढा एकच होता.